घासांची माणसं

त्या दिवशी कार्यशाळेतली वीज गेली नसती, तर तिला ते दिसलं नसतं. कधीतरी कळलं असतं. कुणीतरी सौम्य शब्दांत, आडवळणाने सांगितलं असतं. पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ऐन दुपारी दिवे गेले, घासणीची यंत्रं कण्हत कण्हत थांबली, मालक दारात येऊन म्हणाला, आज काही खरं नाही, जा घरी. तेव्हा तिला शाळा सुटल्यासारखा आनंद झाला होता. लेकीला, ठकीला आज लवकर आणू, वाटेतल्या बागेत दोघी बसू, उगाच हसू, असं काहीबाही मनात जुळवत ती पाळणाघराचा जिना जवळजवळ धावतच चढली. आतल्या दाराला मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक चौकोनी काच होती, आणि दार ढकलायच्या आधी तिने सहज वाकून त्या काचेतून पाहिलं. आत जेवणाची वेळ होती. बुटकं टेबल, भोवती बुटक्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक मूल, प्रत्येक मुठीत एक चमचा. मुलं जेवत होती, सांडत होती, एकमेकांच्या ताटलीत डोकावून खिदळत होती. आणि टेबलाच्या टोकाला ठकी बसली होती. दोन्ही हात मांडीवर, मान जराशी वर, तोंड उघडलेलं.

रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं. दार ढकलून आत जाता आलं असतं, उचलून घेता आलं असतं. ठकी नुसती वाट बघत होती. घरातलं माणूस उठून पाणी आणायला गेलंय, येईलच इतक्यात, अशा निवांत खात्रीने आ करून बसली होती. मधेच तोंड दुखलं की मिटायची, आवंढा गिळायची, पुन्हा उघडायची. पाळणाघरातल्या बाई आल्या, तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, काहीतरी गोड बोलल्या आणि चमचा तिच्या मुठीत दिला. ठकीने तो नीट धरला. कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिलीय तसा. आणि पुन्हा तोंड उघडलं. बाई क्षणभर थांबल्या, मग दुसऱ्या मुलाचं सांडलेलं पुसायला गेल्या. कुणी वाईट वागत नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं, कुणाचा तरी दोष सापडावा म्हणून पाहिलं. पण खरंच कुणी वाईट वागत नव्हतं.

दाराच्या मुठीवर हात होता, तो तिने काढून घेतला. का, ते तिला नंतर पुष्कळ दिवस नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं, की आत्ता आपण आत गेलो तर सगळ्यांना समजेल, हे कुणी केलं ते. म्हणून ती जिना उतरून खालच्या पायरीवर बसून राहिली, आणि रोजची वेळ झाल्यावर, आत्ताच धावपळ करत कामावरून आल्यासारखी, पुन्हा वर गेली. ठकी धावत येऊन मांडीला बिलगली. घरी पोचेपर्यंत दम नव्हता. बसथांब्यावरच ‘भूक’ म्हणाली. रोजच म्हणायची. पोरगी खादाड निघाली गं बाई, असं ती रोज कौतुकाने म्हणायची आणि घरी आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, भात कालवायला घ्यायची.

भरवणं ती कुठे शिकली नव्हती. ते हातातच होतं. पाच बोटांची टोकं ताटलीत जायची, भात मऊ करून गोळा व्हायचा, अंगठा मागून हलकेच ढकलायचा आणि घास ठकीच्या जिभेवर. पोळलं तर आधी बोटांना कळायचं. मोठा झाला तर बोटंच अर्धा करायची. आणि प्रत्येक घास कुणाचा तरी असायचा. पहिला आजीचा. दुसरा आजोबांचा, ते ठकी जन्मायच्या आधीच गेले होते, पण त्यांचा घास होता. मग मामाचा, मामा जाडा, म्हणून त्याचा घास मोठा, आणि ठकी तो गाल फुगवून, डोळे वटारून चावायची. ‘मामा लवकर जात नाही,’ असं म्हणायची. मग मावशी, ती हसरी, म्हणून तो घास तोंडात गेल्यावर हसायचं. मग शेजारच्या काकू, त्यांचं मांजर, त्या मांजराला हाकलणारे काका. पोट भरलं नाही आणि नातेवाईक संपले, की ती नवे काढायची: दूधवाला, मामाची अजून न झालेली बायको, त्या बायकोचे वडील, फार रागीट. या देशात ठकीचं नात्याचं असं कुणी नव्हतं. ती त्या सगळ्या गोतावळ्याला चवीने ओळखत होती, आणि तो गोतावळा रोज संध्याकाळी, याच छोट्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या टेबलाशी एकेक करून येऊन जायचा. बाकी दिवसभर कुणी ठकीशी ही भाषा बोलत नव्हतं. आईचा स्वतःचाही दिवस तसाच जायचा. भाषा घासाला चिकटून उरली होती, भांड्याला खरवड उरते तशी.

आठवडा गेला असेल. बाईंनी तिला कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी थांबवलं. बाई उंच होत्या. बोलताना मान खाली वाकवायच्या, त्यामुळे त्या ऐकतायत असं वाटायचं, आणि त्या खरंच ऐकायच्या. इथल्या भाषेत, हळूहळू, तिला समजावं म्हणून एकेक शब्द मोकळा करून त्या म्हणाल्या, ‘ती काही खात नाही. घरी कशी जेवते?’

‘छान जेवते,’ ती म्हणाली.

‘स्वतःच्या हाताने?’

‘हो. म्हणजे... हो.’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर भांडता आलं असतं. ‘कसंय,’ त्या म्हणाल्या, ‘उन्हाळ्यानंतर तिला मोठ्या खोलीत जायचंय. तिथे मुलं जास्त, आणि सांभाळायला एकच जण. प्रत्येकाजवळ बसणं नाही होत हो. तोपर्यंत तिला स्वतः जेवता यायला हवं. नाहीतर मग आपल्याला विचार करावा लागेल.’ विचार करावा लागेल, म्हणजे काय, हे तिला शब्दकोशाशिवाय कळलं. ठकीला ठेवून घेणार नाहीत. ठकीला ठेवून घेतलं नाही, की तिची नोकरी गेली. ही नोकरी लागायच्या आधीचे दिवस तिला आठवले. खिडकी, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, आणि नवऱ्याच्या बुटांचा जिन्यावरचा आवाज येईपर्यंत स्वतःशीसुद्धा एकही शब्द न उच्चारणं. त्या दिवसांत परत जायचं नव्हतं. आणि नोकरी गेली उडत. पोर तिथे दिवसभर उपाशी बसत होती. आ करून.

‘अगं, त्यात काय एवढं?’ नवरा म्हणाला. तो औषधांच्या गोदामात पाळीवर होता, नुकताच आंघोळ करून आला होता, आणि डोकं पुसताना टॉवेलाच्या आतून बोलत होता. ‘दोन दिवस उपाशी राहिली की जेवेल आपोआप. आम्हाला कुणी भरवलं? पाच भावंडं. हात वेळेवर पोचला नाही की ताट साफ. मला तर वाटतं मी रांगायच्या आधी पोळी पळवायला शिकलो.’

‘तुझं तू कौतुक सांगू नकोस. ती तुझ्यासारखी नाही.’

‘नाहीच. ती राणीसरकार आहे. आणि तू दासी.’ मग टॉवेल खाली घेऊन, तिचं तोंड बघून, त्याने आवाज उतरवला. ‘हे बघ, तिला इथे राहायचंय. आपण काय, आपलं झालं जेमतेम. तिला चारचौघांत ओशाळं वाटायला नको.’ बरोबरच बोलत होता. या घरात हल्ली सगळे बरोबरच बोलायचे. तिला वाटलं, एखाद्याने चुकीचं बोलावं, मूर्खासारखं हटून बसावं, म्हणावं की नाही, भरव तू, बघू कोण काय करतंय ते. पण तसं बोलणारं माणूस फोनच्या पलीकडे होतं, आणि तिथे रात्र झाली होती.

आईने तिला दहावीपर्यंत भरवलं होतं. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकावरून मान न उचलता ती वाचत बसायची, आणि पुस्तकाच्या कडेवरून आईची बोटं यायची. काय आहे ते ती बघायचीही नाही. तोंड आपोआप उघडायचं, आपोआप मिटायचं. रासायनिक समीकरणं आणि आईच्या बोटांचा ओलसर खरखरीतपणा हे तिच्या डोक्यात अजून एकत्र होते. वडील करवादायचे, घोडी झाली आता, उद्या सासरी तुला सोबत पाठवू का हिच्या? आई म्हणायची, पाठवा, मी तयारच आहे. आणि निघायच्या दिवशी, बॅगांची वजनं होत होती, गाडी खाली उभी राहून हॉर्न देत होती, तेव्हा आई ताट घेऊन तिच्या मागे मागे फिरत होती. या खोलीतून त्या खोलीत. एवढा एक, एवढा एक. शेवटचा घास तिच्या तोंडात असतानाच सगळे खाली उतरले. येते म्हणायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान हलवली. गाडीत बसल्यावर पुष्कळ वेळ ती तो घास गिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ठकीच्या शेजारी न बसता समोर बसली. एक छोटा चमचा आणला होता, त्याच्या दांड्यावर बदक होतं. ठकीने बदक पाहिलं, त्याला नमस्कार केला आणि तोंड उघडलं.

‘तूच घे बरं आज.’

‘आजीचा?’

‘आजी...’ तिने चमचा ठकीपुढे सरकवला. ‘आजीचं जेवण झालं.’

ठकी विचारात पडली. ‘मग मामाचा?’

‘मामाचं पण झालं.’

‘मावशी?’

‘सगळ्यांचं जेवण झालं, बाळा. सगळे जेवून झोपले. आता फक्त तू राहिलीस.’

किती सहज बोलून गेली ती. एका वाक्यात सगळं गणगोत जेवून हात धुऊन निघून गेलं. आजोबासुद्धा, ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती. ठकीने टेबलाच्या चारी बाजूंना पाहिलं. रोज जिथून माणसं यायची तिथे भिंत होती, खिडकी होती, भांडी होती. मग तिने तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. आईने आपले हात मांडीखाली दाबून धरले. समोरची गुलाबी जीभ, पुढचे बारके दात, मागे नवीन येणारी दाढ, सगळं तिला दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं म्हणून ती बदकाकडे बघत राहिली. भात गार झाला. त्या संध्याकाळी ठकी न जेवता झोपली. ती पण. नवऱ्याने सिंकपाशी उभ्या उभ्या दोघींचं संपवलं आणि म्हणाला, ‘पहिला दिवस आहे.’

कार्यशाळेत दातांच्या कवळ्या बनायच्या. आधी लोकांच्या तोंडाचे साचे येत, त्यांत प्लास्टर ओतायचं, ते सुकलं की कडा घासून साफ करायच्या. ते घासण्याचं काम तिचं. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि हे काम यांचा एकमेकांशी तसा काही संबंध नव्हता, पण बारीक नजर आणि स्थिर हात तिथेही लागायचे, इथेही. दिवसभर तिच्या पुढ्यात अनोळखी लोकांची तोंडं असत, पांढरी, जिभेवाचून. सुरुवातीला तिला त्यांची भीती वाटली होती. मग एकेक कळायला लागलं: हा दात खाणारा, ही एकाच बाजूने चघळणारी, याने लहानपणी अंगठा चोखला असणार. मालक म्हणायचा, माणूस जग फिरून येईल, पण चघळायची बाजू सोडणार नाही. त्या आठवड्यात मात्र तिला प्रत्येक साच्यात एकच तोंड दिसत होतं. यंत्राच्या चाकावर कड धरली, की पांढरी भुकटी उडायची आणि बोटांच्या पेरांत, नखांच्या कोपऱ्यांत जाऊन बसायची. पूर्वी ती सुटण्याच्या वेळी हात पुन्हा पुन्हा धुवायची, ब्रशने, साबणाने, कारण तेच हात ठकीच्या तोंडात जायचे. आता एकदा धुतले की पुरे होतं. हे लक्षात आलं तेव्हा ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली.

शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई काम करायची, कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आलेली. ती मनात तिला मावशी म्हणायची; बोलायला दोघींत इथली मोडकीतोडकी भाषा, दोघींची वेगवेगळ्या जागी मोडलेली. तिने मावशीला सगळं सांगितलं. हाताने करून दाखवलं, बोटं, अंगठा, घास. मावशीचा चेहरा एकदम उजळला. ‘आमच्याकडेही! आमच्याकडेही असंच!’ ती म्हणाली आणि तिने स्वतःची बोटं जुळवून हवेत एक घास पुढे केला. दोघी हसल्या, इतक्या की मालकाने मान वळवून पाहिलं.

‘मग?’ तिने विचारलं. ‘तुमच्या मुलांचं पुढे काय झालं?’

‘काय होणार?’ मावशी चष्मा खाली ओढत म्हणाली. ‘मोठी झाली.’ आणि यंत्र सुरू केलं.

ठकी शिकली. मुलं शिकतातच, वाढत्या वयाचा तो निर्दयपणा असतो. आधी चमचा उलटा धरून, मग मुठीत, मग बाईंनी दाखवला तसा तीन बोटांत. एकदा पाळणाघराच्या दारातच बाईंनी टाळ्या वाजवून सांगितलं, आज सगळं संपवलं हो तिने! आणि तिला खरंच आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, बाईंचा हात हातात घ्यावासा वाटला, तिने घेतलाही. आता दुपारी ठकी उपाशी राहत नव्हती. बसथांब्यावर ‘भूक’ म्हणत नव्हती. दुपारी काय केलं, कोण पडलं, कोण रडलं हे ती इथल्या भाषेत सांगायची, भराभर, आणि मधेच थांबून आईला समजलं का ते बघायची. घरी आल्यावर बूट काढून, हात धुऊन, स्वतः खुर्ची ओढून बसायची. बदक पुढे करायची. जेवायची. त्या जेवणात बोलायला काही नव्हतं. चमच्याला नातेवाईक नसतात. ती समोर बसून विचारायची, ‘अजून हवं?’ ठकी म्हणायची, ‘नको.’ सांडलं नाही की नवरा शाबासकी द्यायचा. घर स्वच्छ राहू लागलं. तिला कधी कधी वाटायचं, आपण एक खानावळ चालवतोय, फार चांगली, आणि तिथे एक लहान गिऱ्हाईक रोज वेळेवर येतं.

आजीचा फोन रविवारी यायचा. आजी पडद्यापाशी इतकी जवळ यायची की अर्धं कपाळ आणि एक डोळाच दिसायचा. दरवेळी शेवटी ती ताटातला एक घास उचलून पडद्यापुढे धरायची, ‘आऽऽ कर गं माझे बाय,’ आणि ठकी इकडे आ करायची, दोघी मिटक्या मारायच्या. त्या रविवारी आजीने घास धरला. ठकी बघत राहिली. मग ती उठून गेली, बदकाचा चमचा घेऊन आली आणि तो पडद्याला दाखवला.

‘हे काय गं? रागावलीय का माझ्यावर?’

‘नाही गं आई. ती आता आपल्या हाताने जेवते.’

‘चारही वर्षं पुरी झाली नाहीत अजून! तुझे हात काय झिजलेत का?’

‘इथे असंच असतं. तिला तिथे कुणी भरवायला नसतं.’

‘तिथे नसेल. घरी तू आहेस ना? का तूही तिथलीच झालीस?’ आजीचा घास अजून पडद्यापुढेच होता. बोलण्याच्या भरात ती खाली ठेवायचं विसरली होती. ‘शिकलीसवरलीस, आणि पोरीच्या तोंडातला घास काढायला शिकलीस. मी दहावीपर्यंत भरवलं तुला. बिघडलीस का?’

बिघडले, असं म्हणावंसं वाटलं. तू भरवलंस म्हणून मला अजून वाटतं, की कुणीतरी येईल. इथे प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीपुढे, प्रत्येक रांगेत मी तशीच बसलेय, हात मांडीवर ठेवून. पण हे आईला सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, ‘जेवून घे तू, गार होतंय.’ आजीने घासाकडे पाहिलं आणि स्वतःच खाल्ला. ठकी तोवर दुसऱ्या खोलीत गेली होती.

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, का नाही? तिथे चमचा, घरी हात; आठवड्यात एकदा तरी. माणसं दोन भाषा बोलतात, दोन घड्याळं डोक्यात ठेवतात, मग पोरीला दोन जेवणं का येऊ नयेत? तिने भात जरा जास्तच मऊ शिजवला. हात धुतले, पूर्वीसारखे, नखांतून, पेरांतून. शेजारी जाऊन बसली. बोटांना क्षणभर काही सुचेना, मग सुचलं. ‘आज आपण गंमत करू हं,’ ती म्हणाली. ‘हा बघ. हा कुणाचा? हा आजीचा.’

ठकीने घासाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली. हट्टाची नव्हती, कुणीतरी चुकतंय आणि आपल्याला ते सांगावं लागणार, याची. ‘पण आजीचं जेवण झालं ना?’

‘आज परत आलीय.’

‘आत्ताच जेवली ती. फोनमध्ये.’ आणि समजावणीच्या सुरात, तिच्या मनगटावर हात ठेवून, ‘सगळ्यांचं झालं, आई. तू जेव.’

तिने तो घास स्वतःच खाल्ला. तोंडात फिरवत राहिली. कुणाचा होता ते आता तिलाही सांगता आलं नसतं. नवऱ्याने बाहेरून विचारलं, काय चाललंय? काही नाही, ती म्हणाली, जेवतोय.

उन्हाळा संपता संपता पाळणाघराने आईवडिलांना एक दिवस जेवायला बोलावलं. मोठ्या खोलीत जाणारी मुलं, त्यांचे पालक, एकत्र टेबलाशी; नवी खोली बघायची, नव्या जागेची मुलांना सवय व्हावी, एवढंच. नवऱ्याला पाळी बदलून मिळाली नाही. ती एकटी गेली, इस्त्री केलेले कपडे घालून, बसमध्ये इथल्या भाषेतली दोन-चार वाक्यं मनात घोकत. मोठी खोली उजेडाची होती. खुर्च्या मात्र बुटक्याच. मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती आणि त्यावरून एकमेकांत विनोद करत होती. ती सगळ्यांबरोबर हसली, जरा उशिरा. ठकी तिच्या शेजारी ताठ बसली होती, रुमाल मांडीवर पसरून. शेजारच्या मुलाच्या वडिलांनी ठकीकडे पाहून म्हटलं, किती नीटनेटकी जेवते हो तुमची मुलगी! ती म्हणाली, हो, बाईंनी शिकवलं. बाई टेबलाच्या त्या टोकाला होत्या, तिथून त्यांनी हात हलवला. काही बिघडलं नव्हतं. ठकीला ठेवून घेतलं होतं. ज्यासाठी सगळं केलं ते सगळं मिळालं होतं. ती आपल्या ताटलीतलं काट्याने टोचून तोंडात घालत होती आणि बेचव म्हणजे काय ते तिला समजत होतं. मीठ वगैरे सगळं व्यवस्थित होतं.

हळूहळू सगळ्यांचं आटोपलं. मुलं उठायला लागली. ठकीचं थोडं उरलं होतं, ताटलीच्या कडेला चार शितं आणि थोडी भाजी, आणि ते काही केल्या चमच्यात येईना. चमचा पुढे गेला की ते पुढे जायचं. ठकी हट्टाने त्यामागे चमचा फिरवत होती. ताटलीत काही टाकायचं नाही, हेही ती इथेच शिकली होती. कान लाल झाले होते. लोक खुर्च्या सरकवत होते, कुणी कोट घालत होतं, कुणी दारापाशी थांबून यांच्या टेबलाकडे बघत होतं. आणि तिचा हात उठला. तिने उठवला नाही. पाची बोटं ताटलीत गेली, चार शितं, भाजी, सगळं कसं एका क्षणात गोळा झालं, अंगठा मागे आला, आणि घास ठकीच्या ओठांपाशी जाऊन थांबला. तिचं स्वतःचं तोंड उघडलं होतं. तिला ते कळलं आणि तिने ते मिटलं, पण हात मागे घेता आला नाही.

ठकीने तोंड उघडलं नाही. वळवलंही नाही. तिने घासाकडे पाहिलं, आणि मग मान उचलून, आईच्या खांद्यावरून, टेबलाच्या त्या टोकाला बाईंकडे पाहिलं. विचारलं. शब्द नव्हता, पण विचारलं. बाईंच्या हातात ताटल्यांची चळत होती. त्या थबकल्या. त्यांनी ते छोटं तोंड पाहिलं, हवेत अडकलेली बोटं पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं समजल्याचं एक इतकं भलं, इतकं मायाळू हसू आलं, की तिला त्यांचा राग करायलाही जागा उरली नाही. बाईंनी मान डोलावली. घे, हरकत नाही.

मग ठकीने तोंड उघडलं. बोटांना ओठ लागू न देता, दातांच्या टोकांनी घास अलगद काढून घेतला, तोंड मिटून चावला, गिळला. रुमालाने ओठ टिपले. आणि आईकडे वळून, इथल्या भाषेत, अगदी स्वच्छ उच्चारात, तिने आईचे आभार मानले.

तिने खरकटा हात टेबलाखाली घेतला. सगळे बघत होते, हसत होते, कौतुकाने. यावर उलट काय म्हणायचं असतं ते तिला येत होतं. पहिल्या काही दिवसांतच ती ते शिकली होती. तिने ते म्हटलं.